गोळी चुकवायची नाही

रुपरावांनी आयुष्यात आलेल्या बहुतेक प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. कॉलेजच्या लायब्ररीत एकतीस वर्षं पुस्तकांची देवघेव केलेला माणूस. तोंडानं बोलायला भीत असे, पण कागदावर त्याची अडचण होत नसे. एकाच पत्राचं उत्तर राहिलं. ते आलं अठ्ठ्याहत्तर सालच्या भाद्रपदात. निळं आंतर्देशीय, पवनीकडच्या खेड्यातून, पुतण्याच्या सासऱ्यांचं, व्याही लहानूजींचं.

लहानूजी धानाच्या मिलमध्ये पोती वाहत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पत्र गावच्या मास्तरांच्या हातचं होतं, पण मास्तरांनी बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

'जय भीम. शामलाले टीबी निघाला असं जावईबापूच्या कार्डावरून समजलं. दवापाणी तुमी बराबर करसान, त्याची काळजी नाही. पण एक सांगाचं हाये. पोरगी चार वर्साची असतानी तापात गोळी देल्ली होती, तं तिच्या अंगावर माता उठली. तोंड सडलं, डोये चिपकले, जगते का नाही असं झालं. तिले गोळीची माता हाये. माताईले नवस बोललो तवा उतरली. डॉक्टरले हे सांगजा. उत्तर धाडजा, मन लागत नाही.'

रुपरावांनी ते दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्यांची नजर 'नवस' या शब्दावर अडली. बावीस वर्षांपूर्वी, दीक्षा घेतली त्याच आठवड्यात, घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत घालून नदीत सोडले होते. त्यात मातेचा, अंगावर पुरळ आणणाऱ्या देवीचा, शेंदरी दगडही होता. त्या दगडावर त्यांचा जुना राग होता. धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेला, आणि माता घरात आहे म्हणून आईनं औषध उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. दीक्षेनंतर माता हा शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही, असा रुपरावांचा एकुलता एक कडक नियम होता.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा भाषणासारखा झाला. दुसऱ्यात व्याह्यांना शिकवल्यासारखं वाटलं. तिसरा इतका तुटक, की लहानूजींना अपमान वाटला असता. तिन्ही फाडले. उद्या लिहू, म्हणाले.

आणि डॉक्टरला सांगायचं राहिलं. दर सोमवारी शामलाला टीबीच्या दवाखान्यात रुपरावच नेत होते. शामला त्यांच्या पुतण्याची, बळीरामची बायको. बळीराम कोराडीला वीज केंद्रात नोकरीला, तिथल्या क्वार्टरपासून दवाखाना लांब, म्हणून ती उपचारापुरती नागपुरात इंदोऱ्याला त्यांच्या घरी आली होती. रांगेत उभं राहून रुपराव मनातल्या मनात वाक्य जुळवत: डॉक्टरसाहेब, हिला म्हणे गोळीची माता आहे. मागेपुढे तीस माणसं. पांढरा सदरा घातलेला, चारचौघांत वाचणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस हे बोलणार कसं? नंबर यायचा, सुई टोचली जायची, गोळ्यांची पुडी मिळायची, आणि ते गप्प परतायचे. असे तीन सोमवार गेले.

औषध सुरू झाल्याच्या तेविसाव्या दिवशी, मंगळवारी, मनकर्णाबाईंनी शामलाच्या पदराआडची मान पाहिली. मनकर्णाबाई रुपरावांची मोठी बहीण. रुपरावांची बायको वारल्यापासून घर त्याच सांभाळत होत्या. दोन दिवसांपासून शामलाचं अंग खाजत होतं, डोळे चुरचुरत होते, पण ती बोलली नव्हती. आता गळ्यापासून छातीपर्यंत लाल चट्टे उठले होते. मधोमध काळपट, भोवती लाल. ओठ सुजून पालथे झाले होते. अंगाला हात लावला की तव्यासारखं लागत होतं.

संध्याकाळी बळीराम कोराडीच्या बसनं आला. कॉलरवर राखेची करडी रेघ तशीच होती. बायकोकडे पाहून तो खाटेच्या कडेलाच बसला.

"माता हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी काय आज पाहून राहिली का? गोळ्या बंद करा अन् पोरीले लिंबाच्या पाल्यावर निजवा."

"या घरात माता नाही, बाई," रुपराव म्हणाले. "बावीस वर्सं झाली."

"घरात नसन. तिच्या अंगावर तं हाये ना? चष्मा पुसून पाय जरा."

बळीरामनं चाचरत विचारलं, "काकाजी, एक दिवस गोळी नाही देल्ली तं काय होईन?"

लहानपणापासून त्यानं काकाजींना उलट विचारलं नव्हतं. बाप गेल्यावर यांनीच वाढवलं, शिकवलं, नोकरीच्या अर्जाची भाषाही यांनीच लिहून दिली. रुपरावांना ते विचारणं लागलं. ते उठले, कपाटातून दवाखान्याचं पिवळं कार्ड काढलं आणि दिव्याखाली धरून वाचून दाखवलं. गोळी एकही दिवस चुकवू नये. मध्येच औषध सोडलं की जंतू कसे निबर होतात, मग कुठलंच औषध कसं लागू पडत नाही, तेही त्यांनी सांगितलं. पुस्तिकेत वाचलेलं होतं, आणि खरंच होतं.

आपलाच आवाज ऐकत असताना त्यांना ते निळं पत्र आठवलं. तोंड सडलं, डोये चिपकले. पण आता गोळी थांबवायची म्हणजे मातेच्या नावानं थांबवायची. बहीण पाला आणणार, उद्या नारळ आणणार, आणि ज्या दगडानं भाऊ नेला तो पुन्हा या घरात येऊन बसणार. उद्या सकाळी दवाखान्यात नेऊच, त्यांनी स्वतःला समजावलं. एका गोळीनं काय होतं.

"मामाजी म्हणतात तं घेते ना मी," शामला म्हणाली. रुपरावांना ती मामाजी म्हणे. शब्द ओठांतून नीट निघत नव्हते.

गोळी त्यांनी आपल्या हातानं दिली. पाणी हनुवटीवरून ओघळलं. दुसऱ्या घोटाला ती विव्हळली, तिसऱ्याला गोळी उतरली. बळीराम भिंतीकडे तोंड करून उभा होता. मनकर्णाबाई उठून चुलीपाशी गेल्या आणि त्या संध्याकाळी कुणाशीच बोलल्या नाहीत.

सकाळी ओल्या फडक्यानं पाठ पुसताना मनकर्णाबाईंच्या हाती फडक्याबरोबर कातडी आली. दुधावरची साय निघावी तशी, सहज. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि रुपरावांना नुसतं हातानं बोलावलं.

शामलाचे डोळे चिकटून बंद झाले होते. तोंडात आतून फोड. सायकलरिक्षात बळीरामनं तिला चादरीत धरलं होतं, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिच्या घशातून जो आवाज येई तो मागच्या रिक्षात रुपरावांना ऐकू जात होता. त्यांना वाटलं, आपण खाली उतरावं आणि चालत कुठंतरी निघून जावं.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर चारुलता म्हणून बाई होत्या. तरुण, पण बोलणं मोजकं. त्यांनी पिवळं कार्ड पाहिलं आणि विचारलं, शेवटची गोळी केव्हा दिली.

"काल संध्याकाळी," रुपराव म्हणाले.

"पुरळ त्याआधी दिसलं होतं?"

"हो."

बाईंनी वर पाहिलं. मग समजावून सांगितलं. गोळीत दोन औषधं असतात. त्यातलं एक, थायासिटाझोन, काही जणांच्या अंगावर असं उलटतं. पहिला चट्टा दिसला की थांबवायचं असतं. दवाखान्यात सांगितलं नव्हतं का?

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी नर्सबाई पुडी बांधता बांधता म्हणाली होती, अंगावर काही उठलं तर गोळी बंद करून लगेच या. रुपरावांना आता तिचा आवाजही आठवला. पण ते तोंडी होतं. कार्डावर छापलेलं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"याआधी कधी कुठल्या औषधानं असं झालं होतं?"

"नाही," बळीराम म्हणाला.

रुपराव पुढं सरकले. "लहानपणी एकदा," ते म्हणाले. "तापाच्या गोळीनं. असं ऐकलंय."

"मग हे पहिल्या दिवशी सांगायचं. ही गोळी आम्ही दिलीच नसती, किंवा दाखल करून दिली असती." बाईंनी कागदावर दोन रेघा ओढल्या. सगळी औषधं बंद केली. पुढचे आठ दिवस कठीण आहेत, कातडी गेली की भाजलेल्या माणसासारखी गत असते, डोळ्यांचंही आत्ता काही सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगून त्या आत गेल्या.

व्हरांड्यात बळीरामनं विचारलं, "काकाजी, तुमाले कसं माहीत?"

"तिनंच कधीतरी बोलता बोलता सांगितलं," रुपराव म्हणाले. जी आत डोळे आणि तोंड बंद होऊन पडली होती तिच्या नावावर त्यांनी हे खोटं टाकलं, आणि ते इतकं सहज निघालं की त्यांना आपलीच भीती वाटली.

त्या आठ दिवसांत शामलाला केळीच्या पानांवर निजवलं होतं. चादर अंगाला चिकटायची आणि सोडवताना कातडी घेऊन यायची. पान गुळगुळीत, थंड, चिकटत नाही. रोज पहाटे रुपराव कॉटन मार्केटात जाऊन लांब, न फाटलेली पानं निवडून आणत. नर्स ती धुऊन, तेलाचा हात फिरवून अंथरी. फोडांवर जांभळं औषध लावलेलं, वरून मच्छरदाणी, हाताला सलाईन.

"म्या पाल्यावर निजवा म्हटलं तं अडाणी," मनकर्णाबाई एकदा म्हणाल्या. "अन् यायनं पानावर निजवलं तं डॉक्टरी."

कुणी हसलं नाही. पण रुपरावांना बरं वाटलं, कारण मंगळवारनंतर त्या पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलल्या होत्या. बळीराम मात्र गरजेपुरतंच बोलत होता. गोळीच्या दुसऱ्या घोटाचं ते विव्हळणं त्याच्या कानातून गेलं नव्हतं. तो आत्याजवळ बसे, आत्याच्या हातचा डबा खाई, आणि काकाजी आले की चहाला जातो म्हणून उठे. ताप चढला की तिघंही एका ओळीत उभे राहत, उतरला की पुन्हा पांगत.

तार मिळून लहानूजी तिसऱ्या दिवशी आले होते. खांद्यावर घोंगडी, पायात टायरच्या चपला. मच्छरदाणीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. पोरीला हात लावायचा नाही, असं नर्सनं बजावलं होतं, म्हणून त्यांनी खाटेच्या लोखंडी पायाला हात लावला आणि तो तसाच धरून खाली बसले.

"असंच झालतं," ते व्याह्यांकडे वळून म्हणाले. "अस्संच. चार वर्साची होती. म्या तुमाले लिहिलं होतं, इवाई. मास्तराकडून. तिले गोळीची माता हाये, डॉक्टरले सांगजा म्हणून. तुमाले भेटलंच नसन ते पत्र."

वॉर्डात कुणाचा तरी खोकला चालू होता. बळीराम मान वर करून पाहत होता, मनकर्णाबाईही. रुपरावांनी तोंड उघडलं. 'मिळालं' हा एवढासा शब्द. तो जिभेपर्यंत आला आणि तिथंच बसला.

लहानूजींनी वाट पाहिली नाही. "मास्तरानं पत्ताच चुकवला असन," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मी काय, मले वाचता येते का? कागदावर भरोसा ठेवला. दोन दिवस मिलमध्ये खाडा केला असता अन् सोता आलो असतो, तं पोरगी अशी पडली नसती. माझीच चुकी हाये, जावईबापू."

बळीराम उठला आणि सासऱ्याजवळ जाऊन बसला. त्यानं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. रुपराव खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

बाराव्या दिवशी ताप गेला. डोळे आधी रेघेएवढे, मग अर्धे उघडले. दिसत होतं. हातांची कातडी मोज्यासारखी निघाली आणि खालून गुलाबी, नवी आली. आता घाबरायचं कारण उरलं नाही, असं वाटत असतानाच डॉक्टरबाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. फुप्फुसातला डाग आहे तिथंच आहे, त्या म्हणाल्या. औषधाशिवाय तो वाढणार. ती एक गोळी हिला जन्मात द्यायची नाही. पण बाकीची औषधं पुन्हा सुरू करावी लागतील, एकेक करून, आधी गोळीचा कणभर तुकडा, इथं दाखल असतानाच, डोळ्यांसमोर. पुन्हा उलटण्याचा थोडा धोका आहे. तो घ्यावा लागेल.

त्या गेल्यावर लहानूजी म्हणाले, "नाही. मी पोरीले घेऊन जातो. जितकी जगन तितकी जगन."

"मी बी तेच म्हणतो," बळीराम म्हणाला. "पुन्यांदा ते मले पाहावनार नाही."

"अन् खोकून खोकून रक्त टाकन ते पाहावन का रे तुले?" मनकर्णाबाईंनी विचारलं. त्या औषधाच्या बाजूनं उभ्या राहतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "त्या बाईनं पोरगी वापस आणून देल्ली. तिचं ऐकाचं. माता गा माता, म्या म्हटलं होतं. पण माता उतरल्यावर बी माणसाले जेवू घालाच लागते ना?"

लहानूजी रुपरावांकडे वळले. "इवाई, तुमी सांगा. तुमी वाचलेले मानसं. तुमी म्हणसान तं ठेवतो." आणि थोडं थांबून, अगदी साधेपणानं म्हणाले, "माझं पत्र तुमाले भेटलं असतं, तं तुमी हे होऊच देल्लं नसतं. मले माहीत हाये."

"ठेवा," रुपराव म्हणाले. एवढंच.

लहानूजींना परतायचं होतं, मिलवाले फार दिवस जागा ठेवत नसत. निघताना त्यांनी एक कागद पुढं केला. "यावर तुमचा पत्ता लिवून द्या, तुमच्याच हातानं. यावेळेस चुकाले नको." रुपरावांनी वळणदार अक्षरात आपला पत्ता लिहून दिला. मास्तरांनी निळ्या पत्रावर लिहिला होता तोच, काना-मात्रेचा फरक नसलेला. लहानूजींनी घडी करून तो छातीच्या खिशात ठेवला. "उद्या सकाळी गोळी देतीन. कसं होते ते कळवजा," म्हणाले.

त्या दुपारी खाटेपाशी रुपराव एकटेच होते. शामला उशाला टेकून बसली होती. डोळे लाल, पापण्यांना केस उरले नव्हते.

"मामाजी, ते पत्र आलं होतं," ती म्हणाली. "पोस्टमनच्या हातून मीच घेतलं होतं. मास्तरचं अक्षर मी वळखते. त्यात काय होतं, ते बाबूजी इथं बोलले तवा समजलं."

रुपराव खाली पाहत होते. "मग तेव्हाच काहून नाही बोलली?"

"तोंड कुठं उघडत होतं? अन् डोये बंद. तुमचा चेहरा दिसत नव्हता. मले वाटलं, तुमीच सांगसान आता." ती थांबली. घसा अजून दुखत होता. "सांगितलं नाही तुमी."

"मले..." त्यांना पुढचा शब्द सापडेना. एकतीस वर्षं पुस्तकांत काढली आणि एक शब्द सापडेना. "मले लाज वाटली, शामला. आधी डॉक्टरजवळ माता म्हणायची. मग ही."

तिनं मान हलवली. रागावली आहे की नाही, ते त्या सुजलेल्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "मले भेव लागते उद्याचं," ती म्हणाली. "लय भेव लागते. मले काई झालं तं बाबूजी जलमभर म्हणतीन, पत्ता चुकला, माझीच चुकी. तसं नका होऊ देऊ. बाकी मी तुमाले काईच म्हणत नाही."

ते घरी आले. मनकर्णाबाईंनी चहा ठेवला, तो निवला. रुपरावांपुढं कोरं आंतर्देशीय होतं. तीन दिवस थांबावं, असं मनात आलं. गोळी सोसली तर चांगल्या बातमीच्या पोटात हेही घालता येईल, वाचणाऱ्याला तितकं बोचणार नाही. मग त्यांना कळलं, की उद्या लिहू म्हणणारा तोच आवाज आहे. शिवाय लहानूजींना वाचता येत नव्हतं. पत्र मास्तर वाचणार, शाळेच्या ओट्यावर, मिलमधली चार माणसं ऐकायला बसणार. नागपूरचा वाचणारा इवाई काय करून बसला ते दिवस मावळायच्या आत गावभर होणार. तरी त्यांनी लिहिलं. मसुदा केला नाही.

'जय भीम. तुमचं पत्र मला भाद्रपदात मिळालं. पत्ता बरोबर होता. मास्तरांची चूक नाही, तुमची तर नाहीच. मी ते वाचलं आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. नवसाची गोष्ट म्हणून बाजूला ठेवलं. चट्टे दिसल्यावरही शेवटची गोळी मी माझ्या हातानं दिली. तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प राहिलो. तुम्ही जे पाहिलं होतं ते खरं होतं, फक्त मला तुमच्या शब्दांत ते ओळखता आलं नाही. उद्या सकाळी नऊ वाजता शामलाला औषधाचा पहिला तुकडा देणार आहेत. हे पत्र मी त्याआधी टाकत आहे. तिचं काय होतं ते रोज कळवीन. बळीरामला आज सांगत आहे. रुपराव.'

बळीराम बसमधून उतरून घरी आला तेव्हा त्यांनी ते त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. एकदा वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मनकर्णाबाई दारात येऊन थांबल्या.

"म्हणजे ती बोलली नव्हती तुमाले," बळीराम म्हणाला. "ते बी खोटं."

"ते बी."

त्यानं पत्र टेबलावर ठेवलं आणि तो अंगणात निघून गेला. पाठमोरा, हात मागं बांधून, बराच वेळ. परत आला तो जेवायला बसला, आणि काकाजींकडे न पाहता आत्याला म्हणाला, "सकाळची पयली डाक सात वाजता निघते. सांग त्यायले."

सकाळी रुपराव साडेसहालाच चौकातल्या पेटीपाशी पोचले. धुकं होतं. पानं घेऊन जाणाऱ्या सायकली कॉटन मार्केटकडे निघाल्या होत्या, आज त्यांना पानं आणायची नव्हती. आंतर्देशीयाची कड त्यांनी पुन्हा जिभेनं ओली करून दाबली, पत्ता एकदा वाचला. पेटीच्या फटीत पत्र अर्धं गेलं आणि तिथं त्यांची बोटं थांबली. अजून काढता येत होतं. अडीच तासांनी हॉस्पिटलात तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवणार होते, आणि तो अंगाला मानवेल की नाही हे या क्षणी जगात कुणालाच माहीत नव्हतं.

त्यांनी बोटं सोडली. पत्र पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला.